बटणं कोण लावायचं?

"मॅडम, तो पहिल्यापासूनच असा. मग त्याला डिमेन्शिया झालाय हे ओळखायचं कसं?" डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीनं चाळिशी ओलांडली की घरचे हमखास हे विचारतात. काळजी रास्त आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि रोजची कामं हळूहळू ढासळणं. त्यातल्या अल्झायमर प्रकारात मेंदूत साठणारं अमायलॉइड बनवणारं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं आणि यांच्याकडे ते गुणसूत्र एक जास्तीचं. लक्षणं मात्र बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतात.

एक ताई ४६ वर्षांच्या भावाला घेऊन आल्या. आई जाऊन आठ महिने झालेले. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, कार्यशाळेतही लक्ष नाही. कुठेतरी स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी झाली, ९ गुण पडले आणि डिमेन्शियाचा शिक्का बसला.

"चाचणीत विचारतात ते १०० मधून ७ वजा करणं त्याला आधी कधी जमायचं?" मी विचारलं.

"कधीच नाही."

मग त्या नवाला काय अर्थ? याची तुलना करायची ती याच्याशीच, दोन-चार वर्षांपूर्वीच्या.

मी जुने व्हिडिओ आणि कार्यशाळेतली कामाची वही मागवली. एका लग्नाच्या व्हिडिओत आई पदर खोचून त्याची बटणं लावत होती. ताई बघतच राहिल्या. "म्हणजे हे आईच करायची?" मी बोलले नाही. माणूस एकटा तपासू नये, अख्खं घर तपासावं, असं मी मानते ते याचसाठी. आईचे हात गेले होते. त्याचं कौशल्य तिथे नव्हतंच.

वही मात्र वेगळं सांगत होती. दहा-दहा पाकिटांचे गठ्ठे आई असतानाच चुकू लागले होते. म्हणून आधी थायरॉइड, बी-१२, कानातला मळ, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं, बद्धकोष्ठ, चालू गोळ्या आणि दुःख, हे सगळं पाहिलं. (चाल बिघडली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मानेचे मणकेही तपासावेत.) थायरॉइड मंदावलेलं निघालं, दोन्ही कान मळानं बुजलेले.

तीन महिन्यांनी तो पुन्हा थट्टा करू लागला. गठ्ठे अजून चुकतात, त्यामुळे दर सहा महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्ट पाहतात. या वयात पहिल्यांदा फिट आली तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, हे ताईंना बजावलंय.

ज्यांच्या घरी अशी व्यक्ती तिशीत आहे, त्यांनी आत्ताच नोंद सुरू करावी. दर वाढदिवसाला दहा मिनिटांचा व्हिडिओ, तीच पाच कामं: कपडे घालणं, चहा ओतणं, घरच्यांची नावं सांगणं, जिना चढणं, आवडीचं काम. किती वेळा आठवण करून द्यावी लागली ते लिहून ठेवा. बटणं लावताना मध्ये आपला हात घालू नका.