हॅल्सियन होस्टाच्या गड्ड्यातून पिवळ्या कडेचा फुटवा आलाय. ही नवीन जात समजून नाव देता येईल का?

सरळ उत्तर आधी देते: बहुधा नाही. (नवख्यांसाठी: होस्टा म्हणजे देखण्या पानांसाठी लावायचं सावलीतलं रोप, आणि हॅल्सियन ही त्याची निळ्या पानांची जात.) निळं पान आणि पिवळी कडा हे हॅल्सियनचं रूप 'फर्स्ट फ्रॉस्ट' या नावाने कधीच बाजारात आलंय, २०१० साली ते 'होस्टा ऑफ द इयर'ही होतं. कडा पिवळी नसून पांढरी असेल तर 'एल निन्यो' बघा. उलटं असेल, म्हणजे मध्य पिवळा आणि कडा निळी, तर ती 'जून', तिला तोच मान २००१ मध्ये मिळाला. 'जून'सारखंच पण कडा बरीच रुंद असेल तर 'टच ऑफ क्लास'. आणि पानावरचा मेणाचा थर जाऊन नुसतं चकचकीत हिरवं पान आलं असेल तर 'डेव्हन ग्रीन'. एरिक स्मिथ यांनी इंग्लंडमध्ये १९६१ मध्ये केलेल्या संकरातून हॅल्सियन निघालं. तेव्हापासून ते जगभर इतक्या प्रमाणात वाढवलं गेलंय की त्याच्या पोटी जे जे यायचं, ते बरंचसं येऊन गेलंय.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या दोन ओळींमुळे. तुमच्या तिकडच्या, न्यू जर्सीच्या बागकाम गटातले एक अनुभवी गृहस्थ तुम्हाला म्हणाले की पट्टे जितके वेडेवाकडे तितकी जात नवी, नाव ठेवा आणि फुटवे वाटायला घ्या. कृपा करून वाटू नका. निदान हे उत्तर पूर्ण वाचेपर्यंत तरी नाही.

मी मिनेसोटात राहते. इथे थंडी कडाक्याची, सावली भरपूर, त्यामुळे होस्टा घराघरांत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका स्थानिक गटाच्या रोपविक्रीत एका जुन्याजाणत्या सभासदांकडून मी एक होस्टा घेतलं. सोनेरी पान, त्यावर हिरवे शिंतोडे आणि ओघळ. स्वतः शोधलेली जात म्हणून त्यांनी त्याला झोकदार नाव दिलं होतं आणि साध्या रोपाच्या तिप्पट पैसे लावले होते. मी खुशीने दिले. पुढच्या वर्षी जूनमध्ये गड्डा भरला तेव्हा मी एक पान उजेडासमोर धरून नीट पाहिलं. हिरवा रंग मधल्या शिरेतून आणि तिच्या फाट्यांतून दोन्ही बाजूंना पाझरला होता. शिरेच्या कडेकडेने सरळ पट्टा धावत नव्हता, शिर जिथे जाईल तिथे डाग पसरत होता. त्यावरून अंगठा फिरवला तर हिरवा भाग उंचसखल लागला, शेजारच्या पिवळ्या भागापेक्षा जाड. पान उलटं केलं तर नेमक्या त्याच जागी ते आक्रसलेलं. दुसरं पान त्याच्या शेजारी ठेवलं, तिसरं ठेवलं. एकाचं दुसऱ्याशी काही जुळेना.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "हेच तर याचं वैशिष्ट्य आहे, एक पान दुसऱ्यासारखं नाही. तू या छंदात नवीन आहेस, कळेल हळूहळू." माझं बालपण सांगलीजवळ ऊस आणि हळदीच्या शेतात गेलंय. रोगट पान आणि निरोगी पान यातला फरक मला इंग्रजी येण्याआधी कळत होता. त्या 'हळूहळू'ने डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

होस्टा व्हायरस एक्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हा विषाणू १९९६ मध्ये इथेच, मिनेसोटा विद्यापीठात, पहिल्यांदा ओळखला गेला. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्याच्या लक्षणांनाच लोक नवी नक्षी समजत होते. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग', 'लुनसी' ही नावं घेऊन विकली गेलेली रोपं प्रत्यक्षात आजारी होती. म्हणजे हा घोळ एका माणसाचा नाही, सगळ्या धंद्याने तो केलाय. पण माहीत झाल्यावरही करत राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

मी चाचणीच्या पट्ट्या मागवल्या. कोविडच्या घरगुती चाचणीसारखाच प्रकार: पानाचा तुकडा द्रावणाच्या पिशवीत चुरडायचा, पट्टी बुडवायची, थोडा वेळ थांबायचं. दोन रेघा आल्या, म्हणजे लागण होती. खात्रीसाठी पलीकडच्या वाफ्यातल्या 'ब्लू माउस इअर्स' या दुसऱ्या होस्टाचं पान घेऊन पुन्हा केलं, तिथे एकच. ती पट्टी घेऊन मी गटाच्या बैठकीला गेले. नवरा म्हणाला, "कशाला उगाच वैर घेतेस, काढून टाक रोप आणि विसर." रोप मी काढलंच, मुळांसकट, जाड पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं, खताच्या ढिगात नाही. पण विसरायचं कशाला? बैठकीत ते गृहस्थ म्हणाले, एका पट्टीने काही सिद्ध होत नाही, रोग असता तर झाड मेलं असतं. हा मुद्दा ऐकायला पटतो आणि पूर्ण चुकीचा आहे. या विषाणूने होस्टा लगेच मरत नाही. वर्षानुवर्षं जगतं, जरा खुजं होतं, आणि शेजारच्यांना रोग देत राहतं. न मरणं हाच त्याचा धोका आहे. बाकीचे सभासद गप्प बसले. पुढच्या मे महिन्यात तेच रोप, त्याच नावाने, पुन्हा विक्रीच्या टेबलावर. मी टेबलाशेजारी उभी राहिले आणि जो कोणी ते हातात घेईल त्याला फोनवर पट्टीचा फोटो दाखवला. काही जणांना हे असभ्य वाटलं. मला आजही वाटत नाही.

आता तुमच्या फुटव्याकडे. खरी दुरंगी होस्टा कशी तयार होते ते लक्षात घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. कोंबाच्या टोकाला पेशींचे थर असतात. त्यातल्या एका थरात बदल होतो आणि तिथल्या पेशी हिरवं द्रव्य नीट बनवत नाहीत. बाहेरच्या थरात बदल झाला तर कडा पिवळी किंवा पांढरी, आतल्यात झाला तर मध्य. थर जागेवर स्थिर झाले की एकामागून एक पानं त्याच नमुन्याची येतात. कडेची रुंदी थोडी कमीजास्त होईल, कडेचा रंग मध्ये जिभेसारखा घुसेल, पण हद्द स्वच्छ असेल आणि पानाच्या पोताशी तिचा संबंध नसेल. तुमच्या फोटोत डावीकडच्या पानांना कडा आहे, उजवीकडची पूर्ण निळी आहेत. याचा अर्थ कोंबाचा एक भागच बदललाय, काम अर्धवट आहे. अशा कोंबातून पुढच्या वर्षी साधी निळी पानं परत येण्याची शक्यता भरपूर.

म्हणून यंदा त्याला हात लावू नका. वसंतात कोंब वर येताना बदललेला डोळा मुळांसकट वेगळा करा आणि त्याच वाफ्यात मूळ हॅल्सियनच्या शेजारी लावा. शक्य असेल तर 'फर्स्ट फ्रॉस्ट'चं एक रोप विकत आणून तिसरं म्हणून लावा, म्हणजे तिघांना ऊन, माती, पाणी एकसारखं. पूर्ण निळे फुटवे दिसले की काढत जा, ते जोमदार असतात आणि दुरंगी भागाला दाबून टाकतात. मग थांबा. होस्टाचं पक्व रूप कळायला चार-पाच वर्षं लागतात. कोवळ्या रोपाच्या फोटोवरून जात ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

थांबायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं नाही, टिपत राहायचं. कडा मे महिन्यात कुठल्या रंगाची असते आणि ऑगस्टमध्ये कुठल्या? 'फर्स्ट फ्रॉस्ट'ची पिवळी कडा उन्हाळा पुढे सरकतो तशी फिकट होत पांढरीकडे जाते. तुमची शेवटपर्यंत पिवळीच राहिली तर तो खरा फरक आहे. कडेचा रंग देठावर खाली उतरतो का? मेणाचा थर पानाच्या वरच्या बाजूला किती, मागच्या बाजूला किती, आणि तो कधी विरतो? निळेपणा मेणाचाच असतो, उकाड्याने तो जाणारच, पण कधी जातो हे प्रत्येक जातीचं वेगळं. शिरांच्या जोड्या मोजा, वयात आलेल्या पानाच्या. पान चिमटीत धरून जाडी बघा. कडा एकदम दुप्पट रुंद आणि पान जाड झालं असेल तर गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली असण्याची शक्यता असते. फुलांचा दांडा, रंग, फुलण्याचा काळ. अमेरिकन होस्टा सोसायटीच्या नोंदणी अर्जात हीच माहिती लागते: गड्ड्याची उंची आणि पसारा, पानाची लांबी-रुंदी, शिरांच्या जोड्या, फुलं. अर्ज कुणीही करू शकतं, तुम्हीही. मात्र तिथले लोक तुमच्या बागेत येऊन रोप तपासत नाहीत. तुम्ही लिहाल ते ते नोंदवतात. नोंदणीने मालकी मिळत नाही, त्यासाठी पेटंट हा वेगळा आणि खर्चिक मार्ग. 'वेगळं आहे' हे ठरवायची जबाबदारी सगळी तुमच्या डोळ्यांवर.

आणि तिथेच माझं आणि त्या गृहस्थांचं भांडण आहे. त्यांच्या मते वेगळेपण म्हणजे आधी न दिसलेलं काहीही. माझ्या मते वेगळेपण म्हणजे जे पुन्हा येतं. गड्डा फोडून वाटला तरी प्रत्येक वाटेकऱ्याच्या बागेत तेच रूप आलं पाहिजे, पाचव्या वर्षीही आलं पाहिजे, नाहीतर त्या नावाला अर्थ काय? तुमच्या गटातल्या गृहस्थांना हे विचारा. त्यांना राग आला तर येऊ द्या. विकायच्या किंवा वाटायच्या आधी चाचणी मागणं हा कुणाचाही अपमान नाही, आणि ज्याची रोपं स्वच्छ आहेत त्याला त्याचा त्रास व्हायचं कारण नाही. गट फुकट वाटतोय म्हणून गप्प बसायचं, ही आपल्या लोकांची सवय मला मुळीच आवडत नाही. विषाणू फुकटच्या रोपातूनही तितकाच येतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वेड्यावाकड्या रेघांचं प्रत्येक होस्टा आजारी नसतं. संकर करणारे लोक मुद्दाम रेघाळ रोपं जपतात, कारण हा गुण बियांमधून फक्त आईकडून उतरतो आणि कडेच्या दुरंगी रोपांतून सहसा उतरत नाही. निरोगी रेघा देठापासून टोकाकडे, शिरांना धरून सरळ जातात आणि पानाचा पोत बिघडवत नाहीत. 'लेकसाइड पेझ्ली प्रिंट'च्या मधल्या पट्ट्याची कडा पिसासारखी फाटलेली असते, तीही निरोगी. 'स्ट्रिपटीज'च्या मध्याभोवतीची बारीक पांढरी रेघ जातीचीच आहे. दुसरं म्हणजे, चाचणीत एक रेघ आली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एखादं वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि सुरुवातीला चाचणीही चुकू शकते. पुढच्या वर्षी कोवळ्या पानावर पुन्हा करा. तोवर एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर जाताना सुरी आणि फुलांचे दांडे कापायची कात्री साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवत जा. हा विषाणू रसातून जातो, आणि तो रस नेणारे आपणच असतो.

पुण्याला आईकडे एक फुटवा नेण्याबद्दल विचारलंय. नेऊ नका. होस्टाला हिवाळ्यात कित्येक आठवडे चार-पाच अंशांच्या खालची थंडी लागते, त्याशिवाय ते झोपत नाही आणि न झोपता दरवर्षी क्षीण होत जातं. रोप विमानातून न्यायचे कायदेही कडक आहेत. आईंना बाल्कनीत दुरंगी पानच हवं असेल तर तिथल्या रोपवाटिकेत कॅलेडियम मिळेल, ते पुण्याच्या पावसाळ्यात छान भरतं.

पट्टी केलीत की निकाल इथेच खाली लिहा. आणि फुटव्याच्या पानाचा मागच्या बाजूचा फोटो टाका, उजेडासमोर धरून काढलेला. वरच्या बाजूच्या फोटोंवरून मी यापुढे काही सांगणार नाही.