शंभर पिल्लांचं शेड की पंचवीस तलंगांचं खुराडं?

प्रश्न (औसा तालुक्यातल्या एका ताईंचा, थोडक्यात): घरामागं चार गुंठे वाडा मोकळा आहे. ग्रामप्रिया जातीच्या कोंबडीची १०० पिल्लं पाळायची आहेत. फॅब्रिकेशनवाल्यानं १० बाय २० फुटांच्या शेडचे १,१०,००० रुपये सांगितलेत. १,५०,००० रुपयांची एकच एफडी आहे. ती मोडून ५०,००० घालायचे आणि ६०,००० बचत गटाकडून १२ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी घ्यायचे, असं ठरतंय. १०० कोंबड्या, महिन्याला २५ अंडी, १२ रुपये दर, म्हणजे ३०,००० येतील. घरखर्च महिना १८,००० आहे. कर्ज काढावं का?

ताई, कोंबड्या जरूर पाळा. पण हे शेड बांधू नका आणि या कामाला गटाचं कर्जही घेऊ नका.

आधी ते ३०,००० बघू. एक दिवसाची पिल्लं बहुधा मिश्र मिळतात, म्हणजे साधारण निम्मे नर. १०० पिल्लांतली १५ वाटेत दगावतील असं धरा (पहिल्यांदा पाळणाऱ्यानं एवढी धरावीतच), उरली ८५, त्यात माद्या ४२. नर विकून पैसे येतात, पण त्यातले बरेचसे त्यांनीच पाच महिने खाऊन संपवलेले असतात. परसात ग्रामप्रिया वर्षाला १६० ते १८० अंडी देते, म्हणजे महिन्याला १५ धरली तरी उदारपणाच झाला. २५ हा आकडा पिंजऱ्यातल्या लेअरचा, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचा. १२ रुपये हा गिऱ्हाइकाचा दर. ६००-६५० अंडी दारात खपत नाहीत, ती दुकानात द्यावी लागतील, तिथं ९ धरा. झाले ५,६७०.

आता खाद्य. चार गुंठ्यांत एवढे पक्षी सोडले की महिन्याभरात वाड्यात गवताची काडी राहत नाही, किडे-मुंग्याही संपतात. मग परसातल्या कोंबडीलाही लेअरसारखंच रोज ११० ग्रॅम विकतचं खाद्य लागतं. ४२ माद्यांचं महिन्याला १३९ किलो, ३० रुपयांनी ४,१७० रुपये. हातात उरले १,५००, आणि गटाचा हप्ता साधारण २,८२५. अंडी सुरू झाल्यावरची ही गोष्ट आहे. पहिले पाच-सहा महिने तर नुसता खर्चच.

या धंद्यात शेडपेक्षा पहिल्या अंड्यापर्यंतचं खाद्य जास्त जणांना बुडवतं. शेडला पैसे सगळेच ठेवतात, खाद्याला फार थोडे.

म्हणून २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) आणि ३ नर, आठ-दहा आठवड्यांचे, लस झालेले घ्या. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते. रात्री लाइट गेली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. तो धोका विकत घेऊ नका. नेमका २५ अधिक ३ असाच गट ५० टक्के अनुदानावर देण्याची पशुसंवर्धन विभागाची योजना आहे, पंचायत समितीत चौकशी करा. पण अनुदान मिळेलच असं धरून हिशेब मांडू नका. राष्ट्रीय पशुधन अभियानाची मोठी सबसिडी एवढ्या लहान कामासाठी नाही, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

खुराडं १० बाय ६ फूट पुरे, म्हणजे पक्ष्याला दोन चौरस फुटांहून थोडं जास्त. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, नाहीतर दुपारचं ऊन लांब बाजूनं आत शिरतं. तुमच्याकडं काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि उथळ खांब तिरके करते. खांब सहा घ्या, सगळे अडीच फूट खोल, काँक्रीटमध्ये. आत फूटभर मुरूम ठोकून वर शहाबादी फरशी टाका. घूस खालून उकरू शकत नाही आणि धुवायलाही सोपं. फरशीवर तीन इंच लाकडाचा भुसा, आठवड्याला हलवायचा.

दीड फूट विटांची भिंत, वर चार फुटी रोलची अर्ध्या इंचाची वेल्डमेश. दक्षिणेकडं उंची साडेपाच फूट ठेवली की एकाच रोलात काम होतं, जोड येत नाही. उत्तरेला सात फूट घ्या, वरची दीड फुटाची पट्टीही त्याच जाळीची. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण कुत्रं ती फाडतं आणि साप आरपार जातो. एका रात्रीत मुंगसानं दहा कोंबड्या मारल्या की वाचवलेले पैसे गेले. पत्रे दहा फुटी चार, दोन्हीकडं दोन-दोन फूट बाहेर, जे-हुकनं आवळलेले. नुसते दगड ठेवले तर अवकाळीचं वारं पत्रे उचलून नेतं. मार्च ते मे पत्र्यावर सहा इंच उसाचं पाचट बांधा आणि मृगाआधी काढा, कुजलं की त्यात विंचू होतात. ४० अंशांच्या वर कोंबडी धापा टाकते, खाणं सोडते, अंडी घटतात. त्या दिवसांत दुपारी पाणी बदला, माठातलं द्या.

बसायला दहा फुटी दोन बांबू, एकाच उंचीवर. एक वर एक खाली असले की वरच्यासाठी रोज मारामारी. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद पाच खोकी, बांबूपेक्षा खाली. वर ठेवली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेनं भरतात. दार अडीच फुटी, घमेलं घेऊन आत जाता येईल असं.

या खुराड्याला ३०,००० च्या वर जाऊ देऊ नका. तलंगा २५० रुपयांनी ७,०००, अंडी सुरू होईपर्यंत चौदा आठवड्यांचं खाद्य ६,०००, लस, औषध, भांडी २,०००. एकूण ४५,०००.

पैसे कुठून? एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँका बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावतात, गटाच्या १२ टक्क्यांहून ते स्वस्त पडतं. घरखर्चाचे सहा महिने म्हणजे १,०८,००० हातचे राहायला हवेत. दीड लाखातून ते वजा केले की ४२,००० उरतात, म्हणून कर्ज ४०,०००, उरलेले ५,००० महिन्याच्या शिलकीतून. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, पण खेळत्या भांडवलासाठी, शेडसाठी नव्हे. पीककर्जाचं कार्ड आधीच असेल तर खाद्याची रक्कम त्यात बसते का ते बँकेत विचारा.

२५ मधल्या २२ तगल्या तर महिन्याला ३३० अंडी. एवढी गल्लीतच ११ रुपयांनी खपतात: ३,६३०. वाडा मधून जाळी लावून दोन भागांत वाटा, पंधरवड्यानं आलटून पालटून सोडा, म्हणजे खाद्य ७० ग्रॅमवर भागतं. २२ माद्या आणि ३ नरांचं ते १,५७५ आणि औषधपाणी वजा जाता १,८०० च्या आसपास उरतात. घरात खाल्लेली अंडीही वहीत लिहा, ती फुकटची नाहीत. पैसे फिटायला दोन वर्षांहून जास्त लागतील, कारण दुसऱ्या वर्षी अंडी कमी होतात. म्हाताऱ्या कोंबड्या आखाडात विका. श्रावण लागला की गिऱ्हाईक नाही. घरची सोयाबीन कच्ची घालू नका, ती पचत नाही आणि वाढ खुंटते. भाजून, भरडून थोडी द्या.

आणि रोगाचं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या, मग आसपासचे पक्षी सरकारनं नष्ट केले. अशा वेळी भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. कर्जाचा हप्ता मात्र दोन्ही वेळी चालूच राहतो.

बांधकाम मे महिन्यात उरका, तलंगा पोळ्यानंतर आणा, म्हणजे अंडी थंडीत मागणी वाढते तेव्हा सुरू होतील. गाडीतून उतरवून घेण्याआधी मानमोडी रोगाची (राणीखेत) आर-टू-बी लस कोणत्या तारखेला दिली ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. दिली नसेल तर पक्षी परत पाठवा.