विकत काहीच घ्यायचं नसेल तर जर्मनीत लाइपझिगच्या श्पिनेराय या जुन्या सूतगिरणीत कलाकारांचे स्टुडिओ बघायला जावं का?

बिनधास्त जा. येणाऱ्यांपैकी विकत घेणारे अगदी थोडे असतात, हे दार उघडं ठेवून बसलेल्या प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असतं. आत शिरताना 'हालो' म्हणा, फोटो काढायचा तर आधी विचारा, बस. पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'आम्हाला कलेतलं काही कळत नाही, अवघडल्यासारखं होईल.' त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला होते, ८२च्या संपापर्यंत. ते इथे आमच्याकडे आले होते तेव्हा मे महिन्याचा रुंडगांग, म्हणजे इथल्या गॅलऱ्या-स्टुडिओ फिरून बघायचा शनिवार-रविवार होता, म्हणून त्यांना घेऊन गेलो. सोबत माझा मेव्हणा, पुण्याचा आर्किटेक्ट. गॅलऱ्यांमध्ये बाबा कंटाळले. मग एका इमारतीत जिना चढून वर गेलो, तर एका बाईंचा स्टुडिओ उघडा. भिंतीला माणसापेक्षा उंच कॅनव्हास, आणि बाबा बघतायत जमिनीकडे. बुजवलेली भोकं चपलेच्या टोकाने दाखवत म्हणाले, "इथे मशिनी बसवलेल्या. लाइन पार त्या टोकापर्यंत जाते बघ." मग बाईंना विचारायला लावलं, खिडक्या उघडायचे का? बाईंना काय माहीत! मग बाबाच सांगू लागले, मी जर्मनमध्ये सांगत होतो: हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात दमट ठेवावं लागतं, घामाने अंग निथळलं तरी. बाईंनी कॅनव्हासच्या कडेचा एक धागा ओढून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो तोडला आणि चालत्या साच्यावर तुटलेलं सूत कसं जोडायचे ते दोन बोटांनी करून दाखवलं. बाईंना ते तीन-चारदा बघायचं होतं. कॉफी आली. निघताना बाबांनी चित्रांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते भाडं किती ते. बाईंनी सांगितलंही. तेव्हा कलेतलं कळत नाही म्हणून तिथे कुणी उठवत नाही.

खाली उतरल्यावर मेव्हण्याने त्याचं नेहमीचं काढलं: "बघा काका, आपल्या गिरण्यांचंही असंच करता आलं असतं. आपल्याकडे दृष्टीच नाही."

दृष्टीचा काय संबंध? १८८४ साली सुरू झालेली ही सूतगिरणी एके काळी ब्रिटन सोडून युरोपातली सगळ्यात मोठी, २ लाख ४० हजार चात्या. जर्मनी एक झाल्यावर १९९३पर्यंत सूतकताई संपली. त्याच काळात शहर रिकामं होत होतं. १९८९ला सव्वापाच लाखांच्या वर असलेली वस्ती दहा वर्षांत साडेचार लाखांच्या खाली आली. जागेला गिऱ्हाईक नाही म्हणून भाडं स्वस्त, आणि भाडं स्वस्त म्हणून चित्रकार आले. लोअर परळला उलटं होतं. गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये तो बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची केली, मग पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला किती उरणार? तिथे मॉलच उभे राहणार, कुठला चित्रकार ते भाडं भरतोय! आणि समजा, भरलं असतं. संपात अडीच लाख माणसं होती, त्यांची पोटं स्टुडिओंवर कशी भरणार होती? बाबा एवढंच म्हणाले, "आधी आमचा हिशेब द्या, मग खुशाल चित्रं काढा." मेव्हण्याला ते अजून पटलेलं नाही.

अर्थात इथल्या कामगारांचंही काही भलं झालं नाही, त्यांच्याही नोकऱ्या गेल्याच. आणि मला ती जागा आवडते, दर वेळी जातो, हेही खरं.

तुमच्या कामाचं: रुंडगांग साधारण जानेवारीत, मेच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये, शनिवार-रविवारी असतो, तारखा बघून तिकीट काढा. प्रवेश फुकट. गॅलऱ्या उघड्या असतात, स्टुडिओ मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. नेओ राउख या नावाजलेल्या चित्रकाराचा स्टुडिओ इथेच आहे, पण तो बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका. प्लागवित्झ स्टेशनवरून चालत जाता येतं. सोबत आर्किटेक्ट असेल तर त्याला गॅलऱ्यांकडे धाडा आणि तुम्ही जिने चढा.