किरणोत्सार, दाब आणि सिरॅमिकची अंतर्रचना

प्रश्न : अणुभट्टीतील कचरा सिरॅमिकमध्ये बंदिस्त करता येतो, असे वाचले. सततच्या किरणोत्साराने ते सिरॅमिकच बिघडणार नाही का? प्रचंड दाबाचाही असाच परिणाम होतो का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर निसर्गातच सापडते. झिरकॉन या खनिजात थोडे युरेनियम व थोरियम असते. त्यांचा अल्फा-क्षय होताना, म्हणजे अणुकेंद्रकातून अल्फा कण बाहेर पडताना, मागे फेकले जाणारे जड अणुकेंद्रक आसपासचे शेकडो अणू जागेवरून हलवते. कोट्यवधी वर्षांत अशी हानी इतकी साचते की स्फटिकाची नियमित मांडणी नाहीशी होऊन तो काचेसारखा अस्फटिकी होतो, त्याचे आकारमान सुमारे १८ टक्क्यांनी वाढते आणि पडलेल्या भेगांतून पाणी आत शिरू शकते. कचऱ्याच्या दृष्टीने खरी काळजी इथेच आहे.

दाबाने मात्र अणू अधिक दाटीने रचले जातात. अशनीच्या आघातात झिरकॉनपासून रीडाइट हे त्याचेच अधिक दाट रूप तयार होते आणि त्याची घनता सुमारे १० टक्क्यांनी जास्त असते.

सर्व सिरॅमिक सारखी नसतात, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गॅडोलिनियम टायटनेट किरणोत्साराने अस्फटिकी होते. त्यातील टायटॅनियमच्या जागी झिरकोनियम असेल, म्हणजे ते गॅडोलिनियम झिरकोनेट असेल, तर धन आयनांच्या (धनभारित धातू-अणूंच्या) जागांची सरमिसळ होऊनही स्फटिक टिकतो. याच झिरकोनेटला हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, प्रचंड दाबाखाली ठेवून जर्मनीतील डार्मश्टाट येथे त्यावर वेगवान जड आयनांचा मारा केला गेला, तेव्हा एरवी केवळ उच्च दाबाखाली आढळणारी रचना दाब काढल्यावरही टिकून राहिली.