अहवालातली नावे आणि भाषणातले मौन

(वाचकांचे प्रश्न, डिसेंबर २००७)

प्रश्न : १३ डिसेंबरला अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधील उत्तेजक द्रव्यांविषयीचा मिचेल अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात रॉजर क्लेमेन्सचे नाव वाचून मला संताप आला, पण तो क्लेमेन्सचा नव्हे, अहवालाचा. एका माणसाच्या सांगण्यावरून एवढ्या मोठ्या पिचरला (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) कलंकित करणे न्याय्य आहे का?

उत्तर : तुमचा संताप स्वाभाविक आहे, तरीही तो क्षणभर बाजूला ठेवून या अहवालाचे स्वरूप पाहावे, अशी विनंती करते. अमेरिकी सिनेटचे माजी बहुमत नेते जॉर्ज मिचेल यांनी बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त बड सीलिग यांच्या सांगण्यावरून मार्च २००६ मध्ये ही चौकशी हाती घेतली. साक्षीसाठी कोणावर सक्ती करण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि खेळाडूंच्या संघटनेने बहुतांशी असहकारच केला. त्यामुळे ८० हून अधिक खेळाडूंची नावे घेणारा हा चारशे पानांचा दस्तऐवज म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. क्लेमेन्सवरील आरोप त्याच्या माजी प्रशिक्षकाच्या कथनावर उभा आहे आणि क्लेमेन्सने तो ठामपणे नाकारला आहे. मात्र त्याच प्रशिक्षकाने अँडी पेटिटविषयी जे सांगितले, ते पेटिटने दोनच दिवसांत मान्य केले. २००२ मध्ये कोपराची दुखापत लवकर बरी व्हावी म्हणून आपण ग्रोथ हार्मोन घेतले, असे त्याने सांगितले. एवढ्याने क्लेमेन्स दोषी ठरत नाही, पण आरोप करणारा माणूस खोटारडाच आहे, असे म्हणून मोकळे होणे आता अवघड झाले आहे. ३५४ विजय आणि सात साय यंग पुरस्कार (वर्षातील सर्वोत्तम पिचरला मिळणारे) यांमुळे तुमच्या मनात त्याच्याविषयी आदर आहे, हे मला मान्य आहे. परंतु तो आदर निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही.

माझा स्वतःचा राग दुसरीकडे वळतो. खेळाडूंच्या संपामुळे १९९४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली आणि प्रेक्षक दुरावले. त्यांना परत आणण्यात १९९८ च्या हंगामाचा मोठा वाटा होता: रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा ६१ होमरनांचा विक्रम मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांनीही मोडला, एकाने ७० तर दुसऱ्याने ६६ होमरन फटकावले, आणि सारा देश त्या चढाओढीत रंगून गेला. त्या वेळी स्टेरॉइडची चाचणीच नव्हती. शिक्षेची तरतूद असलेली चाचणी २००४ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे पैसे ज्यांच्या खिशात गेले, त्या मालकांना आपल्या मैदानावर काय चालले आहे याचा पत्ताच नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही. आयुक्त, क्लबचे अधिकारी आणि खेळाडूंची संघटना हेही जबाबदारीत वाटेकरी आहेत, असे मिचेल यांनी लिहिले आहे. पण वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली ती खेळाडूंचीच नावे. आणि ज्यांनी काहीही न घेता प्रामाणिकपणे खेळून संघातली जागा गमावली, त्यांची यादी तर कोणालाच करता येणार नाही. तुमच्या सहानुभूतीवर पहिला हक्क त्यांचा आहे, असे मला वाटते.

प्रश्न : रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या मिट रॉम्नी यांचे ६ डिसेंबरचे धर्मश्रद्धेवरील भाषण ऐकून मी भारावून गेलो. १९६० मध्ये कॅथलिक असूनही राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या जॉन केनेडींनंतर असे भाषण झालेच नाही, असे मी म्हटले, तेव्हा घरात वाद झाला. आपली प्रतिक्रिया काय?

उत्तर : टेक्सासमधील कॉलेज स्टेशन येथे, थोरल्या बुश यांच्या ग्रंथालयात झालेले ते भाषण मीही लक्षपूर्वक ऐकले, आणि पूर्वार्धात माझीही मान डोलली. मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत उदयास आलेल्या एका वेगळ्या पंथाचा अनुयायी, असल्यामुळे ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, असा उमेदवार ३ जानेवारी २००८ ला आयोवा राज्यात उमेदवार निवडीचे पहिले मतदान असताना आपली श्रद्धा सोडणार नाही असे सांगतो, आणि आपल्या चर्चचा कोणताही अधिकारी राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयांवर प्रभाव टाकणार नाही अशी ग्वाही देतो, यात धैर्य आहे. सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावू नये, असे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे तशी कसोटी लावणारे मतदार घटनेच्या भावनेविरुद्ध वागतात, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

परंतु ‘स्वातंत्र्याला धर्माची गरज आहे, जशी धर्माला स्वातंत्र्याची’, अशा अर्थाचे विधान त्यांनी केले, तिथे मी थबकले. मग जो कोणताच धर्म मानत नाही, त्याचे काय? इतर अनेक धर्मांविषयी उमेदवाराने आपुलकीने सांगितले. निरीश्वरवादी नागरिकाच्या वाट्याला मात्र एकही शब्द आला नाही, उलट धर्मनिरपेक्षता हाच नवा धर्म बनू पाहत असल्याची तक्रार तेवढी आली. केनेडी १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर बोलले, तेव्हा चर्च आणि राज्यसंस्था यांची फारकत संपूर्ण असावी, अशी त्यांची भूमिका होती, आणि भाषणानंतर त्यांनी त्याच धर्मोपदेशकांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली. त्या भूमिकेत न मानणाऱ्यालाही जागा होती. रॉम्नी यांनी स्वतःसाठी जी सहिष्णुता मागितली ती रास्तच आहे, पण ती त्यांनी सर्वांसाठी मागितली नाही. म्हणून घरातल्या वादात मी तुमच्या विरुद्ध बाजूला बसेन.

प्रश्न : सॉल्ट लेक सिटीचे ऑलिम्पिक ज्याने सावरले, तो देशही सावरेल, असा प्रचार होतो आहे. तो पटण्यासारखा आहे का?

उत्तर : रॉम्नी यांनी १९९९ मध्ये ती जबाबदारी घेतली, तेव्हा यजमानपद मिळवण्यासाठी दिलेल्या लाचेमुळे आयोजकांची अब्रू गेली होती, आणि २००२ चे हिवाळी ऑलिम्पिक अखेर शिल्लक टाकून पार पडले. हे श्रेय त्यांचेच आहे, पण त्यावरून राष्ट्राध्यक्षपदाविषयी फारसे काही कळत नाही. मला त्या प्रकरणातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे एकाही खेळाडूच्या माथी दोष मारण्यात आला नाही. आयोजक समितीच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्वतःच्याच सदस्यांची हकालपट्टी केली. बेसबॉलच्या आयुक्तांनी आणि मालकांनी स्वतःला तोच नियम लावावा, ही माझी अपेक्षा आहे, आणि रॉम्नी यांच्यासारख्या अनुभवी माणसाने प्रचाराच्या व्यासपीठावरून ती मागणी केली, तर मला मनापासून आनंद होईल.