पॉड गेला तरी डेटा राहावा म्हणून

प्रश्न : आमच्या कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी व सांभाळणारी प्रणाली) क्लस्टरमधील पोस्टग्रेस या डेटाबेसचा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) नव्याने उभा राहिला आणि सगळा डेटा नाहीसा झाला. त्यानंतर १० जीबीचा पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम तयार केला, परंतु तो ‘पेंडिंग’मधून पुढे सरकत नाही. काय करावे?

उत्तर : पहिल्या वेळी बिघाड असा काही झालाच नव्हता. कंटेनरच्या आत लिहिलेल्या फाइली त्या कंटेनरबरोबरच जातात. क्लेम (पीव्हीसी) हा जागेसाठी केलेला अर्ज असल्यामुळे त्याला व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्यक्ष साठवणजागा, जोडला जाईपर्यंत तो पेंडिंगच दिसणार. ‘कुबेक्टल डिस्क्राइब पीव्हीसी’ ही आज्ञा देऊन अगदी खालचे ‘इव्हेंट्स’ वाचावेत. तेथे ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’ असे असेल, तर पॉड कोणत्या नोडवर (क्लस्टरमधील यंत्रावर) जाणार हे ठरल्यावरच व्हॉल्यूम द्यायचा, असे तुमच्या स्टोरेज क्लासमध्ये (व्हॉल्यूम कसा तयार करायचा हे ठरवणाऱ्या नोंदीत) नेमलेले आहे. क्लेम वापरणारा पॉड सुरू केला की काम पुढे जाईल. मात्र स्टोरेज क्लासच नेमलेला नाही असा संदेश असेल, तर क्लेममध्ये त्याचे नाव द्यावे किंवा एखादा क्लास डिफॉल्ट करावा. स्वतः उभारलेल्या क्लस्टरमध्ये बहुधा व्हॉल्यूम तयार करणारा सीएसआय (कंटेनर स्टोरेज इंटरफेस) ड्रायव्हरच बसवायचा राहिलेला असतो.

खरी काळजी त्यानंतरची आहे. स्टोरेज क्लासने आपोआप तयार केलेल्या व्हॉल्यूमचे ‘रीक्लेम’ धोरण, वेगळे काही नेमले नसल्यास, ‘डिलीट’ असते. म्हणजे कोणी चुकून क्लेम पुसला, तर मागची डिस्कही जाते. डेटा भरण्याआधीच ते ‘रिटेन’ करून घ्यावे. तसे केल्यास क्लेम गेल्यावर व्हॉल्यूम ‘रिलीज्ड’ होऊन पडून राहतो आणि त्यातील जुन्या क्लेमचा उल्लेख हाताने काढल्याशिवाय नव्या क्लेमला जोडला जात नाही. हे कटकटीचे वाटते खरे, पण डेटा शाबूत राहतो.

‘रीड राइट वन्स’ या व्हॉल्यूम वापरण्याच्या प्रकाराचा अर्थ एकच पॉड, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती मर्यादा एका नोडची असून त्या नोडवरील दोन पॉड एकाच व्हॉल्यूमवर लिहू शकतात, जे डेटाबेसला परवडणारे नाही. त्यासाठी ‘रीड राइट वन्स पॉड’ हा प्रकार कुबरनेटिसच्या आवृत्ती १.२९ पासून स्थिर झाला आहे. तुमचा सीएसआय ड्रायव्हर तो चालवतो का, एवढे पाहावे. पॉड चालवण्याच्या पद्धतींपैकी पोस्टग्रेससाठी डिप्लॉयमेंटऐवजी स्टेटफुलसेट घ्यावा, कारण त्यात प्रत्येक पॉडला स्वतःचा क्लेम मिळतो.

क्लेम जोडला गेल्यावरही पोस्टग्रेस सुरू झाला नाही, तर लॉग पाहावा. ईएक्सटी४ या फाइल-प्रणालीने तयार केलेल्या नव्या डिस्कच्या मुळाशी ‘लॉस्ट अँड फाउंड’ हे फोल्डर आधीच असते आणि पोस्टग्रेसची ‘इनिटडीबी’ ही सुरुवातीची आज्ञा रिकाम्या नसलेल्या फोल्डरमध्ये डेटाबेस मांडायला नकार देते. डेटा कोठे ठेवायचा हे सांगणाऱ्या ‘पीजीडेटा’ या सेटिंगला आतल्या एका उपफोल्डरचा मार्ग दिला की ही अडचण सुटते.