सिंहगड पुण्यापेक्षा उंच, मग पहाटे गडापेक्षा खाली जास्त थंडी का?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात पहाटे दुचाकीवरून सिंहगडला जाताना खडकवासला, डोणजे भागात हात गारठले, पण गडावर मात्र हवा बरी होती. उंचावर थंडी जास्त असं शाळेत शिकवतात, मग हे उलटं कसं? आणि तसं असेल तर महाबळेश्वरला दव गोठतं ते कसं?

शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे, फक्त ते दुपारी जास्त लागू पडतं. उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे ५६० मीटरवर, सिंहगड साधारण १३०० वर. म्हणजे एप्रिलच्या दुपारी गडावर शहरापेक्षा पाचेक अंश कमी असणार, आणि असतंही. पाचगणीला जातानाही तेच. मे महिन्यात वाईत घामाघूम झालेला माणूस पसरणी घाट चढून दांडेघरला पोचला की गाडीची काच खाली करतो.

थंडीतल्या रात्री मात्र हिशोब वेगळा असतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. जमीन दिवसभरची उष्णता भराभर सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, त्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी वाहत येते आणि नदीकाठी, ओढ्यांच्या खोलगट भागांत साचते. माथ्यावर ती टिकत नाही. तिची जागा आजूबाजूची, जमिनीपासून लांब असलेली आणि म्हणून फारशी न निवलेली हवा घेते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. हिवाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास वेताळ टेकडीवरून शहराकडे बघा. धूर ठरावीक उंचीपर्यंत चढतो आणि तिथेच आडवा पसरतो. खालच्या गार थराला वरच्या उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, तेच ते. अर्थात ढग आले किंवा वारा सुटला की ही सगळी रचना मोडते, आणि मग गडच जास्त गार.

खुद्द शहरातही हे दिसतं. शिवाजीनगरची वेधशाळा आणि लोहगाव यांच्या किमान तापमानात हिवाळ्यात तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. (शिवाजीनगरच्या त्या कचेरीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं.) गंमत म्हणजे लोहगाव तीसेक मीटर उंच आहे आणि तरी उबदार, कारण ते माळावर आहे, शिवाजीनगर मुठेच्या खोऱ्यात. पाषाण, एनडीए हे भागही असेच गारठतात. मगरपट्ट्यात आकडा चढा असतो, त्याला मुख्य कारण काँक्रीट. ते रात्रभर उष्णता सोडत राहतं.

उंची हे एकच कारण धरलं की मुंबईचंही कोडं सुटत नाही. पुणे मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर वर, तरी मे महिन्यात दुपारी पुणे चाळिशीला टेकतं आणि मुंबई चौतीसच्या आसपास राहते. समुद्र तिला तापू देत नाही, पण रात्री निवूही देत नाही.

आता महाबळेश्वर. बातमी नीट वाचा: दव गोठलं असं छापून येतं ते बहुतेक वेळा वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरातलं. गाव त्याहून वर आहे, आणि त्याच सकाळी गावातलं किमान तापमान बरंच जास्त असू शकतं. तलावाच्या खोलगटीत आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा गोळा होते. शिवाय वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर वर, जाळीदार पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताचं पातं किंवा जीपचं टप त्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतं. म्हणून हवा तीन-चार अंशांवर असतानाही पात्यावरचं दव गोठू शकतं.

तुम्हाला ते बघायचं असेल तर गावातल्या हॉटेलच्या गच्चीवर थांबू नका. उजाडायच्या आत वेण्णा तलावाकडे उतरा, आणि आदल्या रात्री वारा असेल तर झोपच काढा.